सगळ्यांचा लॅपटॉप

यवतमाळात आमच्या पिढीच्या घरांत पहिला लॅपटॉप आला, तेव्हा तो कोणाचा असा प्रश्नच निघाला नाही. तो घराचा होता. २००९ साली राज्यात सहावा वेतन आयोग लागू झाला आणि शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांच्या घरांत जरा मोकळा पैसा दिसू लागला. कुणी वाघापूरला प्लॉट पाहिला, कुणी लेकीच्या लग्नासाठी बाजूला ठेवला आणि ज्यांची मुलं बारावीच्या पुढे गेली होती त्यांनी नागपूर गाठलं. बर्डीवर चार दुकानांत भाव विचारायचा, दुपारी कुठंतरी जेवायचं आणि खोका मांडीवर घेऊन वर्धा, देवळी, कळंब करत एसटीने घरी यायचं. एसटीच्या रॅकवर तो खोका ठेवण्याची हिंमत कुणाची झाली नाही.

डेस्कटॉप सोडून लॅपटॉप घेण्यामागे ऐट नव्हती, भारनियमन होतं. वीज कधी जाणार याचं वेळापत्रक पेपरात छापून येई आणि वीज त्याच्याही आधी जाई. डेस्कटॉपवाल्या घरांत यूपीएस ओरडायला लागला की पळापळ. "सेव्ह कर, सेव्ह कर" असं स्वयंपाकघरातून आई सांगे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी, म्हणून त्याचं कौतुक. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की त्याचा मुक्काम कूलरच्या खोलीत हलायचा. पाण्याचे तुषार उडू नयेत म्हणून कूलरकडे त्याची पाठ करायची, वर विणलेला रुमाल घालायचा. रुमालाने हवा कोंडते, हे दादाने कितीदा सांगितलं तरी आईने तो काढला नाही.

त्याच्या वेळा ठरलेल्या होत्या. सकाळी बाबांचे शालेय पोषण आहाराचे तक्ते. दुपारी ताईचा प्रोजेक्ट. संध्याकाळी आईची एमएस-सीआयटीची उजळणी. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा कोर्स २००२च्या सुमारास सुरू झाला. सरकारी नोकरीत तो सक्तीचा झाला आणि पन्नाशीला आलेली माणसं शाळकरी पोरांच्या शेजारी बसून माउस धरायला शिकली. आमच्या कितीतरी आयांचा हात पत्त्यांच्या खेळावर बसला. रात्री जेवणं झाली की गाणी. खातं एकच, पासवर्ड नाही, आणि डेस्कटॉपवर ओळीने फोल्डर: बाबा, आई, ताई, दादा. आबाजींच्या नावाचाही एक होता. त्यांनी आयुष्यात कधी कीबोर्डला बोट लावलं नाही.

आता या घरांची एक गंमत सांगायला हवी. शाळेतला खडू चुकून खिशात आला तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवणारे आमचे बाबा, पण लॅपटॉपमधलं विंडोज कॉपी केलेलं आहे याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. किंमत कमी पडावी म्हणून बरेच लॅपटॉप तेव्हा नुसत्या डॉसवर विकले जात. दुकानदारच मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवरून एक्सपी टाकून देई, वर ऑफिस, फोटोशॉप आणि गाण्यांचा एक फोल्डर भेट. पैसे यंत्राचे द्यायचे, आतलं तर येतंच, अशीच सगळ्यांची समजूत होती. चोरी हा शब्द कुणाच्या मनाला शिवलाही नाही.

त्या कॉपीचं मोल वेगळ्या रीतीने चुकतं व्हायचं. फोटो स्टुडिओतून, झेरॉक्सच्या दुकानातून, कॉलेजच्या लॅबमधून पेनड्राइव्ह घरी यायचा आणि त्याच्यासोबत 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' यायचा. दिसायला साधा पिवळा फोल्डर, उघडायला गेलं की व्हायरस. मग मशीन हँग होऊ लागे आणि कॉम्प्युटरवाल्या पोट्ट्याला बोलावणं जाई. तो यायचा, चहा घ्यायचा आणि फॉरमॅट मारायचा. त्याचा हात चांगला, पण विचारायची सवय नाही. एका घरचे बारशाचे सगळे फोटो असे गेले, दुसऱ्या घरची लग्नाची आमंत्रणयादी गेली. पुढच्या लग्नात ती यादी पुन्हा वहीवर आली.

लिनक्स आमच्याकडे आलं ते इंजिनिअरिंगच्या पोरांबरोबर. पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३चं, यवतमाळचं जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी १९९६चं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला शेलच्या कमांड लिहाव्या लागत आणि त्या सवयीने पोरं घरच्या मशीनवरही तेच टाकू पाहत. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली केलेला गाभा आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेला ग्नू प्रकल्प, या दोहोंच्या जोडीतून ही व्यवस्था उभी राहिलेली. कुणीही घ्यावी, कॉपी करावी, आतलं वाचावं, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी, हे तिच्या परवान्यातच लिहिलेलं. 'डिजिट' किंवा 'लिनक्स फॉर यू' मासिकाबरोबर डिस्क येई. एकाने अंक विकत घ्यायचा आणि डिस्क वाघापूरपासून लोहाऱ्यापर्यंत फिरवायची. यात कायद्याचं काही मोडत नव्हतं, हे आम्हाला बऱ्याच उशिरा उमगलं.

त्याहून नवल पोस्टाने आलं. २००४च्या ऑक्टोबरात मार्क शटलवर्थ यांच्या कंपनीने उबंटू बाहेर काढलं आणि मागेल त्याला सीडी घरपोच, फुकट, टपालखर्चही त्यांचाच, असा उपक्रम चालवला. २०११पर्यंत तो चालला. कॅफेतून पत्ता भरायचा आणि विसरून जायचं. कित्येक आठवड्यांनी पोस्टमनकाका परदेशी पाकीट घेऊन दारात उभे. आबाजींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि निकाल दिला, "फुकटात कोनी काही देते का बावा? मांगून बिल येईन, पाय." बिल आलं नाही. पण आबाजी पुढे बरेच दिवस पोस्टमनकाकांना विचारत राहिले.

ज्यांना टपालाची वाट बघवत नव्हती त्यांनी रात्री जागवल्या. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ साली सुरू झालं, वेग २५६ केबीपीएस. पाचशेच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत. आता हिशेब बघा: एका सीडीची फाइल ७०० एमबीची आणि त्या वेगाने ती उतरायला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. सवलत बरोब्बर सहा तासांची. म्हणजे शेवटचा तुकडा राहणारच. तो दुसऱ्या रात्री उतरवायचा, आणि त्यासाठी अर्धवट डाउनलोड पुढे चालू ठेवणारं सॉफ्टवेअर आधी शोधायचं. पहाटे पाणी भरायला उठलेल्या आईने कॉम्प्युटर चालू दिसला म्हणून तो बंद करणं, हा प्रसंग तर घरोघरचा.

सीडी घालून मशीन सुरू केलं की तपकिरी पडदा यायचा आणि ढोलासारखा एक आवाज. हार्ड डिस्कला हात न लावता सगळं सीडीवरूनच चालतंय, हे बाबांना पटेना. "मंग हे आहे कुठं?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. ते मेमरीत होतं आणि बंद केलं की जाणार होतं. आधी बघून घ्या, आवडलं तर टाका, असा व्यवहार दुकानांत कुठं पाहिलेला नव्हता. मग अडचणी सुरू व्हायच्या. वायफाय लागायचं नाही, कारण त्या चिपचा ड्रायव्हर कंपनीने खुला केलेला नसे. तो उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला तोच ड्रायव्हर हवा. मग दुसऱ्या घरून पेनड्राइव्हवर आणायचा. कधी आवाज यायचा नाही, कधी प्रिंटर रुसायचा. तरी पिवळ्या फोल्डरचा व्हायरस इथं काहीच करू शकत नव्हता. तो नुसताच फाइल म्हणून पडून राही आणि निवांत पुसून टाकता येई. एवढ्या एका गोष्टीवर कितीतरी घरांनी लिनक्सला जागा दिली.

जागा दिली म्हणजे अर्धी. डिस्कचे भाग पाडून एकीकडे विंडोज, दुसरीकडे उबंटू. सुरू करताना काळ्या पडद्यावर यादी यायची आणि दहा सेकंदांत निवडायचं. आईने पाठकोऱ्या कागदावर लिहून तो पडद्याच्या कडेला चिकटवला: 'बाबांचं खालचं, दादाचं वरचं. बाण दाबा, मग एंटर.' या एका कागदावर घराची शांतता अवलंबून होती. सुट्टीवर आलेल्या मामांनी तो न वाचता एंटर दाबला आणि "तुमचं विंडोज कोनी नेलं?" म्हणून अख्खं घर गोळा केलं.

मराठीचं तर वेगळंच प्रकरण. एक्सपीवर देवनागरी नीट दिसायला मूळ सीडीवरून जास्तीच्या फाइली टाकाव्या लागत, आणि आमच्याकडची सीडी मार्करवाली. म्हणून बाबांचे अर्ज कृतिदेवमध्ये, ताईची पत्रिका शिवाजी फॉन्टमध्ये, आणि छापखान्यातलं सगळं श्रीलिपीत. एका मशीनवर लिहिलेलं दुसरीकडे न्यायचं तर फॉन्टही सोबत न्यायचा. उबंटूत मात्र भाषांच्या यादीत 'मराठी' आधीपासूनच होतं आणि लोहित, गार्गी हे फॉन्ट मोफत मिळत. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मराठी कुणालाही पाठवावं, तसंच उघडायचं. मेनू मात्र बाबांनी लवकरच पुन्हा इंग्रजीत करून घेतले. एमएस-सीआयटीत जे शिकवलं होतं ते डोळ्यांना सापडेना. टाइपरायटरवर 'मराठी तीस' पास झालेल्या मावशीची बोटं नव्या कीबोर्डवर अडखळली, आणि तिने त्यावर केलेली टीका इथं छापण्यासारखी नाही.

८ एप्रिल २०१४ला एक्सपीचे सुधारणा हप्ते थांबले. तोवर आम्ही पुणे, नागपूर, बंगळुरूला पांगलो होतो, प्रत्येकाच्या हातात आपापला फोन होता आणि घरचा लॅपटॉप आलमारीत गेला होता. बॅटरी मेलेली, एक बटण निघालेलं. २०२०च्या टाळेबंदीत तो पुन्हा बाहेर निघाला, कारण भाच्याची शाळा ऑनलाइन झाली आणि घरात फोन कमी पडले. त्यावर लुबंटूसारखी हलकी आवृत्ती टाकली. वर्गाचा व्हिडिओ अडखळायचा, पण बाईंचा आवाज ऐकू यायचा आणि गृहपाठाची पीडीएफ उघडायची. जुनं मशीन कशाने मंदावतं, हे तेव्हा कळलं. प्रोसेसर होता तेवढाच वेगवान होता. वाढला होता तो वरचा बोजा, आणि डिस्क फिरून दमली होती. साधी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली, पंख्यातली यवतमाळची लाल धूळ झटकली, वाळून खडू झालेली प्रोसेसरवरची पेस्ट बदलली की अर्धं काम तिथंच होतं.

मग आला ऑक्टोबर २०२५. महिन्याच्या १४ तारखेला विंडोज १०चा मोफत आधार संपला, दिवाळी तोंडावर असताना. विंडोज ११ला टीपीएम २.० हवा आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे २०१६-१७चा, चांगली चार जीबी मेमरी असलेला, बिजागरीही शाबूत असलेला लॅपटॉप एका तारखेला म्हातारा ठरला. त्याच मशीनला लिनक्स मिंट आरामात चालतं. त्याची किमान गरज दोन जीबी मेमरीची, चार असली तर बरं, आणि डिस्कवर २० जीबी जागा. फक्त मशीन ६४ बिटचं हवं. २००८-०९च्या छोट्या नेटबुकांतला अ‍ॅटम एन२७० हा ३२ बिटचा, त्याला अँटीएक्ससारखं काही शोधावं लागतं.

यंत्र दोन तऱ्हांनी जुनं होतं, हे आमच्या जिल्ह्याने शकुंतला रेल्वेत पाहिलेलं आहे. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या त्या अरुंद रुळांवर १९९४पर्यंत वाफेचं इंजिन होतं. ते काढून डिझेलचं लावलं, रूळ तेच, डबे तेच, आणि गाडी पुढे वीसेक वर्षं दारव्ह्याच्या बाजाराची माणसं वाहत राहिली. थांबली ती कागदावरच्या निर्णयांनी. लॅपटॉपचंही शरीर थकतं तेव्हा काही इलाज नसतो. तारखेने म्हातारं ठरलेल्याला मात्र दुसरं इंजिन लावून बघता येतं.

म्हणून त्या दिवाळीत आमच्यातले बरेच जण चकलीच्या डब्याबरोबर एक पेनड्राइव्ह घेऊन घरी आले. काम आता सोपं आहे. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर उतरवायची, मशीन सुरू होताना एफ-२ किंवा एफ-१२ दाबायचं, पेनड्राइव्हवरून बूट करायचं. अडलं तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठी आवाजातही आहेत. पुढे पडदा विचारतो: डिस्क पुसून टाकायची का? इथं थांबायचं. कारण पेनड्राइव्हवरून चालू झालेल्या लिनक्समध्ये जुनी डिस्क उघडता येते, आतलं विंडोज सुरू होत नसलं तरीसुद्धा. ती उघडली की घरातली माणसं एकेक करून मागे येऊन उभी राहतात.

काय काय निघालं या घराघरांतल्या डिस्कांतून! पोळ्याला सजवलेल्या बैलांचे फोटो, तारीख कॅमेऱ्याने चुकीची छापलेली. 'एमएससीआयटी प्रॅक्टिस' नावाचा फोल्डर आणि त्यात आईने बनवलेलं, जांभळ्या अक्षरांतलं, कधीच न वाटलेलं वाढदिवसाचं कार्ड. बाबांनी जिल्हा परिषदेला लिहिलेले बदलीचे अर्ज, एकाच्या खाली एक, दरवर्षीचे. भजनी मंडळाची वर्गणी. ताईचा बायोडाटा, ज्यात उंची दोन आवृत्त्यांत दोन. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'न्यू फोल्डर २ खरा'. आणि आबाजींच्या नावाच्या फोल्डरमध्ये एकच फाइल, उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती शिवाजी फॉन्टमध्ये होती. फॉन्टची फाइल त्याच डिस्कवर सापडली, ती लिनक्सच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकली आणि पानं वाचता येऊ लागली: ताईने उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून आबाजींकडून उतरवून घेतलेली वंशावळ, शेताच्या वाटण्या, फेडरेशनला कापूस घालून चुकाऱ्याची वाट पाहिलेली वर्षं. आईने ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि पणत्या लावायला उशीर झाला.

सगळं गोड झालं असं नाही. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आणलेलं अंगठ्याचं यंत्र लिनक्सवर चाललं नाही. बाबा मुकाट बँकेत गेले. मॅक्रो घातलेले जुने एक्सेल तक्ते वेडेवाकडे उघडले. काही घरांत एका कोपऱ्यात विंडोज ठेवावंच लागलं, आणि ते ठेवण्यात कमीपणा नाही. सातबारा बघणं, वीजबिल भरणं, कीर्तन ऐकणं, नातवाशी बोलणं एवढं जमलं की त्या मशीनने आपलं काम केलं. "याचं बिल?" बाबांनी सवयीने विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मंग शेजारच्या काकाजींच्याही मशीनले टाकून दे." पूर्वीही ते असंच म्हणाले असते, पण या वेळी त्यात कुणाचं काही चोरायचं नव्हतं.

आता घरात जितकी माणसं तितके फोन. त्यांच्यातल्या अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्सचाच गाभा आहे, पण प्रत्येक फोनला कुलूप आहे आणि त्यातले फोटो एकट्याचे. एका डिस्कवर अख्खं घर साठवणारी आमची पिढी बहुधा शेवटची. उन्हाळ्यात भाचे येतील तेव्हा पेनड्राइव्ह त्यांच्या हातात द्यायचा आहे. बूट कसं करायचं ते त्यांना आमच्यापेक्षा लवकर जमेल. शिकवायचं आहे ते एवढंच की 'इरेज'वर बोट नेण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन विचारायचं, यात कोणाचं काही आहे का? आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, कारण उत्तर देणाऱ्याला आधी हात धुऊन यायचं असतं.